जुन्या गाडीला शो कशाला? सातारा-सांगलीच्या रस्त्यावरचा एक छोटा इतिहास

हा भाग तुम्ही ऐकण्याऐवजी वाचताय, म्हणजे एकतर रेंज नाही किंवा हेडफोन घरी विसरलाय. चालतंय. जसं बोललो तसंच, थोडं साफसूफ करून इथे ठेवलंय. मधे एकदा कुकरची शिट्टी होती, ती काढून टाकली.

आज राजे-महाराजे नाहीत, लढाया नाहीत. आज आमची गाडी. २००६ ची वॅगन आर, एमएच १०, सिल्व्हर कलर. मी नोकरीला साताऱ्यात, आई-आण्णा सांगलीत गावभागात. गाडी दोन्हीकडे फिरते. गेल्या गळीत हंगामात काय झालं, आण्णा साताऱ्याहून एकटेच सांगलीला निघाले. कराड सोडून पलूसच्या रस्त्याला लागेपर्यंत अंधार पडला. कुंडलच्या अलीकडे पुढे उसाची ट्रॉली. मागे ना लाइट, ना रेडियम. आण्णांना ती दिसली तेव्हा दहा-पंधरा फूट राहिले होते. गाडी साइडपट्टीवर उतरली, डावा आरसा गेला, बाकी काही नाही. पण घरी येऊन त्यांनी पाणीसुद्धा बसून प्यायलं नाही, तसेच उभे होते, असं आई सांगते.

दुसऱ्या दिवशी घरात वाद. दादाचं म्हणणं, गाडी भंगारात द्या. पंधरा वर्षं २०२१ मध्येच भरली, तेव्हा हरित कर भरून पाच वर्षं वाढवून घेतली, आता ती मुदतही संपत आली. परत पासिंग कशाला? आण्णा म्हणाले, "गाडीला काय झालंय रं? दिवं पिवळं पडल्यात, दुसरं काय न्हाय." मी म्हणालो, दिवे मी घरीच साफ करतो, जमलं तर आत-बाहेरूनही जरा हात फिरवतो. त्यावर दादा जे बोलला ते या भागाचं नाव आहे.

जुन्या गाडीला शो कशाला?

प्रश्न डोक्यात बसला. कारण आपल्याकडे "शो" हा शब्द जरा तुच्छतेनंच वापरतात. कामाचं ते खरं, दिसण्याचं ते फुकट. पण आपल्या दोन जिल्ह्यांचा इतिहास बघायला लागलो तर ही वाटणी काही टिकेना.

सगळ्यात जुनं उदाहरण गोठ्यातलं. बाकी महाराष्ट्रात पोळा असतो, आपल्याकडे बहुतेक गावांत बेंदूर. महाराष्ट्री बेंदूर आषाढात, कर्नाटकी बेंदूर त्याच्या आधी ज्येष्ठात. बैल धुवायचे, शिंगं तासून-घासून गुळगुळीत करायची, हिंगूळ लावायचा, बेगड चिकटवायची, गोंडे बांधायचे, झूल घालायची. आता शिंगं रंगवल्यानं बैल जास्त ओढतो का? नाही. पण शिंगं घासताना खूर बघितला जातो, खांद्याला सूज आहे का ते कळतं, कातडीवर गोचीड आहे का ते दिसतं. नटवण्याच्या निमित्तानं तपासणी होते. आणि कामाचा क्रम बघा. आधी घासायचं, मग रंग. गॅरेजमधला पेंटर तेच करतो. आधी पॉलिश पेपर, मग पुट्टी, मग प्रायमर, मग रंग. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तर खंडेनवमीला झेंडूची माळ ट्रॅक्टरच्या बोनेटवर चढली. कागदोपत्री पुरावा नाही माझ्याकडे, पण बेंदूर आणि गाडीची स्टिकरबाजी ही एकाच घरातली भावंडं आहेत असं मला वाटतं.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत. लगेच परत येतो.

फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ एवढा काळ फक्त काळ्या रंगात यायची. काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ. रंगीत गाडी पाहिजे तर वॉर्निशचे थर चढवायचे आणि वाळायची वाट बघायची, त्यात आठवडे जायचे. मग ड्युपाँट नावाच्या कंपनीनं नायट्रोसेल्युलोजपासून एक रंग काढला. ही मूळची बंदुकीची दारू बनवणारी कंपनी, आणि नायट्रोसेल्युलोज हा त्याच दारूकामातला पदार्थ. पहिलं महायुद्ध संपलं, तो माल रंगाकडे वळला. रंगाचं नाव ड्युको. जनरल मोटर्सनं १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्यांना निळा ड्युको मारला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. गाडी तीच, रंग नवा, गिऱ्हाईक खूश. १९२७ मध्ये त्यांनी गाडीच्या दिसण्यासाठी वेगळं खातंच काढलं. दरवर्षी चेहरा जरा बदलायचा, म्हणजे कालची गाडी जुनी वाटायला लागते. तुमच्या फोनच्या बाबतीत आज जे चाललंय त्याची सुरुवात ही अशी.

हे का सांगितलं? ड्युको हे ब्रँडचं नाव होतं, पण आपल्याकडे जुने पेंटर गाडीच्या रंगालाच ड्युको म्हणतात. आणि गॅरेजमधलं "रबिंग" हाही त्याचाच वारसा. तो रंग मारला की आपोआप चमकत नसे, कंपाउंड लावून घासावा लागे. चूक झाली तर तेवढाच भाग घासून परत मारता येई. म्हणजे कारखान्याबाहेरच्या माणसाला, फडकं आणि कोपर असलेल्या कुणालाही, गाडीच्या अंगाला हात लावायची सोय झाली.

पण नुसती सोय असून भागत नाही, हाताला सवयही लागते. ती आपल्याकडे कुठून आली? माझ्या मते त्याच रस्त्यावरून, ज्याच्यावर आण्णांची गाडी घसरली.

कुंडल रोड हे तिथल्या रेल्वे स्टेशनचं जुनं नाव. औंध संस्थानानं त्याच्याजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये बेळगावात धंदा सुरू केला तो सायकलच्या दुकानापासून. पुढे लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शंका शेतकऱ्यांना होती म्हणतात, ती जायला वेळ लागला. तिकडे सातारा रोडला १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला, तिथेही नांगर, पुढे इंजिनं. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. म्हणजे राज्याचा कारभार बघणारा माणूस सातारा जिल्ह्यातला नांगरवाला. या कारखान्यांमधून मोल्डर, फिटर, टर्नर, पेंटर तयार झाले. एमआयडीसीच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावांत कुणाचे तरी काका "वाडीला कामाला" होते आणि त्यांच्या घरी पान्यांचा डबा होता.

आणि कराडजवळ ओगलेवाडी. १९१६ सालचा ओगल्यांचा काच कारखाना, प्रभाकर कंदिलाचं गाव. माझी आजी प्रभाकर कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेनं पुसायची. काजळी धरलेल्या काचेतून उजेड पडत नाही, मग वात मोठी करावी लागते, मग रॉकेल जास्त जातं, आणि काजळी अजून धरते. काच चकचकीत ठेवणं हा शो होता का? आजीला विचारलं असतं तर तिनं राखेचा हात माझ्या तोंडाला पुसला असता.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट वेगळी आहे. सांगलीच्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात फियाट ११०० तयार व्हायची. १९६४ मध्ये आलेलं तिचं रूप पुढे प्रीमियर पद्मिनी या नावानं २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. पस्तीसेक वर्षं, जाळी आणि थोडे दिवे-बिवे सोडले तर चेहरा तोच. जनरल मोटर्सच्या बरोबर उलटं. कंपनी चेहरा बदलत नाही, नवीन गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबा, मग मालकानं काय करायचं? त्यानंच बदल करायचा. रेक्झिनची सीट कव्हरं, डॅशबोर्डवर गणपती, मागच्या काचेला पडदे, चाकांना कप. फियाटवाल्या डॉक्टरांची गाडी लांबून ओळखू यायची ती याच्यामुळे.

स्कूटरचंही तेच. साताऱ्यात १९७५ मध्ये बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स काढली. प्रिया स्कूटर तिथली. तिला स्टेपनी कव्हर, पुढे काच, बाजूला क्रोमचे गार्ड, मडफ्लॅपवर नाव. मिळायला एवढी वर्षं लागलेली वस्तू माणूस तशीच उघडी कशी ठेवेल? २००६ च्या सुमारास तिथलं स्कूटरचं उत्पादन थांबलं, आणि आमची वॅगन आर त्याच सुमाराला घरी आली.

मधे मारुती ८०० होऊन गेली, १४ डिसेंबर १९८३ ची पहिली चावी वगैरे. ते सगळ्यांना पाठ आहे, पुढे जाऊ.

रेडियमवर मात्र थांबणार. साताऱ्यात, सांगलीत, कराडात, कुठल्याही स्टँडच्या बाहेर "रेडियम आर्ट" असा बोर्ड असतोच. तिथे रेडियम नसतं! खरं रेडियम १८९८ मध्ये क्युरी पती-पत्नींनी शोधलं. अंधारात चमकणारा रंग म्हणून ते घड्याळाच्या काट्यांना लावायचे, आणि ते काम करणाऱ्या मुली त्यानं आजारी पडून गेल्या. आपल्या दुकानातलं रेडियम म्हणजे परावर्तक पट्टी, बारीक काचेचे मणी किंवा तसाच पोत असलेली. समोरून आलेला उजेड ती आला तिकडेच परत पाठवते. थ्रीएम कंपनीनं १९३९ मध्ये अमेरिकेत रस्त्याच्या पाटीला असली पट्टी पहिल्यांदा लावली. अंधारात चमकतं ते रेडियम, एवढं साधं गणित करून आपण नाव लावून टाकलं.

हे रेडियमवाले आपल्या भागातले खरे डिझायनर. "श्री ज्योतिबा प्रसन्न", "आईचा आशीर्वाद", घोडा, वाघ, मुलांची नावं. आणि नंबर प्लेट! ४१४१ चा "दादा", २१४ चा "राम". हा खेळ आता संपला. हाय सिक्युरिटी प्लेट आली, होलोग्राम आणि लेझर कोड असलेली, सगळ्यांना एकच अक्षर. आमच्या गाडीलाही बसवली. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण अपघात करून पळालेल्या गाडीवर "दादा" वाचणाऱ्या माणसाला नंबर काय सांगता येणार, हेही खरंच.

पण बघा, त्याच दुकानातली वीतभर लाल पट्टी त्या ट्रॉलीला असती तर आण्णांना ती शंभर फुटांवरून दिसली असती. म्हणजे दिसली असती, जर आपले दिवे धड असते तर. पट्टी उजेड परत पाठवते, तयार करत नाही. चूक दोघांची, निम्मी निम्मी.

कायद्याचं एकदाच सांगतो, कारण मेसेज येतील. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सीट कव्हर, पॉलिश, चाकाचे कप याला कुणी अडवत नाही. रंगच बदलला तर आरसीवर नोंद लागते. पुढचे लोखंडी गार्ड २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्रानं चुकीचे ठरवलेत. काचेवरच्या काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टानं २०१२ च्या एप्रिलमध्ये बंदी घातली. आणि दिवा अंधूक आहे म्हणून शंभर वॅटचा बल्ब घालू नका. मूळ बल्ब ६०/५५ चा, वायरिंग त्याच हिशोबाचं, होल्डर वितळतो. तिथे बाजारातला एलईडी घातला तर तुम्हाला भारी वाटतं, समोरच्याला काही दिसत नाही.

बदल आणि सजावट यांच्यातली ही रेघ किती विचित्र असू शकते त्याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातलंच आहे. देवराष्ट्रे, ता. कडेगाव. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले पार्ट जोडून मुलासाठी चारचाकी बनवली. किक मारून सुरू होणारी. खर्च साठ हजारांच्या आसपास. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ शेअर केला, आणि नियमांमुळे ही गाडी कधीतरी थांबवली जाईल हे ओळखून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. लोकांनी जुगाड म्हणून कौतुक केलं. मला तो शब्द तिथे आवडत नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. हे लोहारकाम होतं, शिकलेलं, पिढीजात. किर्लोस्करवाडी तिथून काही फार लांब नाही.

तर दिवे. जुन्या गाड्यांचे दिवे काचेचे असायचे, पद्मिनीचे, पहिल्या मारुतींचे. काच पिवळी पडत नाही, फुटते फक्त. १९८०-९० च्या दशकांत पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक आलं. हलकं, हवा तो आकार घेणारं, खडी लागली तर न फुटणारं. पण उन्हात टिकत नाही म्हणून कारखान्यात त्याच्यावर एक पातळ कवच देतात. आपल्या उन्हात ते कवच काही वर्षांत मरतं. पिवळं दिसतं ते मेलेलं कवच आणि त्याखालचं होरपळलेलं प्लॅस्टिक. टूथपेस्टचे व्हिडिओ असतात, त्यानं आठवडाभर चमकतं, मग पहिल्यासारखं.

मी काय केलं सांगतो. दिव्याच्या कडेनं रंगावर मास्किंग टेप. मग १००० नंबरचा वॉटर पेपर, सतत पाणी मारत, एकाच दिशेनं. पिवळं पाणी निघतं, ते दुधासारखं पांढरं निघेपर्यंत घासायचं. मग १५००, आडव्या दिशेनं. मग २०००. या टप्प्यावर दिवा आधीपेक्षाही वाईट दिसतो, पांढरा, आंधळा. आण्णा गॅलरीतून बघत होते. खाली आले, काही बोलले नाहीत, खुर्ची घेऊन बसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. मग कंपाउंड आणि मऊ फडकं, वीसेक मिनिटं, आणि हळूहळू आतला बल्ब दिसायला लागला. आण्णांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "कंदिलाची काच." बास, एवढंच.

शेवटी यूव्ही क्लिअर मारायचा. हे विसरायचं नाही, कारण आपण जुनं कवच घासून काढलेलं असतं, नवीन नाही दिलं तर वर्षभरात दुप्पट पिवळं. सगळा खर्च सातशेच्या आत.

मग हात सुटला. काळे पडायचे सोडून राखाडी झालेले बंपरचे प्लॅस्टिक, वायपरखालची पट्टी, तुटलेला आरसा. बॉडीला रबिंग जपून केलं. एक युक्ती सांगतो, कोपऱ्यात कंपाउंड लावून बघा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर जुना एकथरी रंग आहे. नाही लागला तर वर क्लिअर कोट आहे, सिल्व्हरला असतोच, आणि तो एकदा घासून गेला की परत येत नाही. आमच्या छपरावर एका ठिकाणी तो सोलून निघालाय, तिथे मी हात लावला नाही. आणि हो, बेंदराचं मघाशी सांगितलं ना, इथेही तेच झालं. पट्टी काढली तेव्हा खाली पाणी जायचं भोक पाल्यानं बुजलेलं सापडलं. पुढच्या उजव्या टायरला आतून चीर होती. दादानं ती बघितली आणि शोबद्दल परत काही बोलला नाही. नवीन टायरचे निम्मे पैसे मात्र त्यानंच दिले.

राहिला आतला भाग. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आमच्या गल्लीत पाणी येतंय कळल्यावर आण्णांनी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना आधी गाडीतून कुपवाडला सोडलं आणि परत आले, तोवर चाकं बुडाली होती. गाडी तिथेच राहिली. पाणी सीटच्या शिवणीपर्यंत चढलं. महिनाभर सीटा काढून उन्हात टाकल्या होत्या, तरी पहिला पावसाळा वास जाईना. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यावर त्या पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे, चारही दारांना, एकाच उंचीवर.

मी नवीन रेक्झिन आणलं होतं, चारही पुठ्ठ्यांना चिकटवायला. तीन दारं केली. चौथं, ड्रायव्हरचं, उघडायला गेलो तर आण्णा म्हणाले, "ते राहू दे." मी म्हणालो, आण्णा, तीन नवी आणि एक तसंच, कसं दिसेल? ते म्हणाले, "तिथं मी बसतो. मला चालतंय."

तर ते दार तसंच आहे. पुढच्या महिन्यात पासिंगची तारीख आहे. उजवा दिवा एक नंबर झालाय. डाव्याच्या क्लिअरमध्ये धूळ बसली, हात लावला की खरखरतं, म्हणजे परत २००० च्या पेपरपासून सुरुवात. रविवारी बसणार आहे. तोवर रात्रीचं आण्णांना पाठवत नाही.